घाटावरची थोरली, घाटाखालची धाकटी

संगणकाच्या खोलीत नारळ नेमका कुठे फोडायचा, यावरून आमच्या प्रकल्पात पहिला तांत्रिक वाद झाला. साहेबांचं म्हणणं, सर्व्हरच्या पायाशी. माझं म्हणणं, सर्व्हरला पाय नसतात आणि पाण्याशी त्याचं जमत नाही. शेवटी तडजोड निघाली. नारळ दाराबाहेर फोडायचा, हळदकुंकू मात्र आत जाऊन लावायचं. कुंकवाची चिमूट समोरच्या जाळीतून थेट पंख्यात गेली आणि त्यानंतर कितीतरी उन्हाळे त्या यंत्राच्या पाठीमागून फिकट गुलाबी धूळ येत राहिली. कंपनीचा दुरुस्तीवाला आला की विचारायचा, ही कसली धूळ? मी म्हणायचो, उद्घाटनाची.

हा सोहळा बुलढाण्यात झाला. आठवड्याभराने तोच मंडप, तोच बँडवाला आणि बहुधा तीच फीत गाठ मारून मलकापुरात. कारण बुलढाणा जिल्हा नकाशावर एक दिसत असला तरी राहणाऱ्यांना तो दोन आहे हे माहीत असतं. एक घाटावरचा, एक घाटाखालचा. राजूरचा घाट उतरला की हवा बदलते, बोलण्याचा हेल बदलतो आणि मुख्य म्हणजे पुढारी बदलतो. घाटावर सर्व्हर बसतोय म्हटल्यावर घाटाखालून भाषण झालं, ‘आमच्या शेतकऱ्यानं दर वेळी घाट चढून का जायचं?’ माहिती एसटीने जात नाही, तिला घाट लागत नाही, हे सांगायची कोणाची छाती झाली नाही. फाइलवर मात्र ‘भार विभागणी’ असा भारदस्त शब्द लिहिला गेला आणि दुसरा सर्व्हर मंजूर झाला.

मी या दोन सर्व्हरांचा सांभाळ करणारा कंत्राटी माणूस. माझ्या हुद्द्याचं इंग्रजी नाव मोठं होतं, ऑफिसात सगळे ‘सिस्टमवाले’ म्हणत आणि नातेवाइकांच्या मते मी प्रिंटर दुरुस्त करायचो.

काम काय होतं ते सांगतो. बीटी कपाशी आली तेव्हा बियाण्याच्या पाकिटावर असा रुबाब होता की बोंडअळीने ही कपाशी खाल्ली की अळीच मरणार. काही वर्षं अळी मेलीही. पुढे अळीने अभ्यास वाढवला. मग ते साल आलं, जेव्हा हिरवीगार, टपोरी बोंडं फोडली की आत गुलाबी अळी आरामात पसरलेली सापडायची, जणू तिनेच ती जागा भाड्याने घेतली होती. जिल्हाभर वावरंच्या वावरं गेली. सरकारने पंचनामे करायचं ठरवलं. शेतकऱ्याने गावच्या सेवा केंद्रात तक्रार नोंदवायची, मग तलाठी वावरात येऊन पाहणार, हातातल्या टॅबलेटवर फोटो काढणार आणि नोंद आमच्या सर्व्हरवर पाठवणार. तोवर शेतकऱ्याच्या नावापुढे ‘बाकी’. तलाठ्याची नोंद पोचली की ‘झाला’. आणि एक कडक नियम होता. ‘झाला’ दिसल्याशिवाय पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायची नाहीत. उपटली तर नुकसान झालंच नाही असं धरलं जाईल.

आता दोन सर्व्हर म्हटल्यावर येणाऱ्याला कुठे पाठवायचं, हे ठरवायला मध्ये एक यंत्र लागतं. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. लग्नात दोन पंगती असल्या की दारात एक मामा उभे असतात, ‘तुम्ही इकडे बसा, तुम्ही तिकडे.’ मामांना रिकामा पाट दिसतो. कोणत्या पंगतीत जिलबी संपली हे त्यांना दिसत नाही आणि ते त्यांचं कामही नाही. दोन्ही पंगतींत तेच ताट वाढलं जावं, हे पाहणारा माणूस वेगळा असतो. तो मी. तक्रार मलकापूरला नोंदली गेली की ती बुलढाण्याला कळली पाहिजे, बुलढाण्यात काही बदललं की मलकापूरला. सर्व्हर दोन, पण माहिती एकच दिसली पाहिजे.

आमची प्रणाली जावा नावाच्या भाषेत लिहिलेली होती. त्या भाषेचं नाव ठेवणाऱ्याला मराठी घरातल्या जावा ठाऊक असत्या, तर त्याने दुसरं काहीतरी शोधलं असतं. आम्ही ओघानेच बुलढाण्याच्या सर्व्हरला थोरली आणि मलकापूरच्या सर्व्हरला धाकटी म्हणू लागलो. दोघी दिवसभर घाटातल्या केबलवरून एकमेकींना सगळं सांगायच्या. एकाच गोष्टीबद्दल दोघींचं म्हणणं वेगळं पडलं, तर कोणाचं खरं धरायचं याचा नियम सोपा होता. ज्या नोंदीवरची वेळ नंतरची, ती खरी. शेवटचं बोलणारी जिंकली. बऱ्याच घरांत याच नियमाने चालतं, फक्त तिथे घड्याळ पाहत नाहीत.

घाटात तेव्हा रस्ता रुंद करायचं काम चालू होतं आणि खोदणाऱ्या यंत्राचा आमच्या केबलवर विशेष जीव होता. केबल तुटली की जावांचं बोलणं बंद. बाहेरच्या जगासाठी दोघींचे रस्ते वेगळे असल्यामुळे कामं चालू राहायची, पण जी ती आपल्यापुरतं लिहून ठेवायची. केबल जोडली की साठलेलं सगळं एकमेकींना सांगायचं आणि पुन्हा एकमत. निदान कागदावर असंच होतं.

अशीच केबल तुटलेली असताना मोठ्या साहेबांनी आढावा बैठक ठेवली. भिंतीवर जिल्ह्यातल्या पंचनाम्यांचा आकडा झळकत होता. पुण्याहून आलेले कंपनीचे तरुण सल्लागार सांगत होते, ‘सर, हे सिंगल सोर्स ऑफ ट्रूथ आहे.’ एकच सत्य, आणि त्यासाठी सर्व्हर दोन. त्यांनी पडदा ताजा केला. आकडा वाढला. साहेब खूश. पुन्हा ताजा केला. आकडा कमी झाला. सल्लागारांनी झटकन पुन्हा बटण दाबलं. आकडा वाढला.

‘लाइव्ह आहे, सर,’ ते म्हणाले.

साहेब अनुभवी होते. ‘हाच राहू द्या,’ म्हणाले, ‘आता कोणी हात लावू नका.’ आणि त्या आकड्यासमोर सगळ्यांनी चहा घेतला.

त्याच दिवशी जुलेखाचाची आल्या. वरवट बकालच्या. साठीच्या आतबाहेर, उंच, डोक्यावरची ओढणी मागे सरकली तरी बोलणं न थांबवणाऱ्या. त्यांनी माझ्या टेबलावर कापडी पिशवी उपडी केली. सडकी बोंडं घरंगळली आणि एक गुलाबी अळी माझ्या कीबोर्डकडे निघाली.

‘हे तुह्या कंपूटरले दाखव,’ चाची म्हणाल्या. ‘आनि इचार त्याले, माहा पंचनामा झाला का नाई झाला?’

‘चाची, बसा ना. काय झालं?’

‘तेच तर इचारून राह्यली मी. काय झालं? मांगच्या मंगळवारी तलाठी आला, वावर पाह्यलं, फोटू काहाडला. सांजच्याले गजूच्या केंद्रावर गेली. गजूनं बटन दाबलं, म्हने झाला. मी वसीमले सांगतलं, उपट बापा. माहा पोरगा दोन मजूर घेऊन बुधवारी सकाळपासून उपटाले लागला. अर्धं वावर मोकळं केलं. दुपारी गजूचा फोन, चाची थांबा, आता बाकी दाखवून राह्यलं!’

‘मग?’

‘मंग काय? थांबवलं. आता न्हाव्यानं अर्धी हजामत करून सोडून देल्यावानी दिसते माहं वावर. लोकं रस्त्यानं जातानी हासतात.’

हसण्यासारखं होतं, पण मी हसलो नाही. कारण अडचण खरी होती. चाचींच्या विहिरीला पाणी होतं. कांद्याचं रोप वाफ्यात तयार होतं आणि ते वाट पाहत नाही. चार दिवस वर गेले की रोप जरठ होतं, मग लावून उपयोग कमी. उरलेली पऱ्हाटी उपटली आणि पंचनामा खरंच ‘बाकी’ निघाला, तर कपाशीची मदत गेली. न उपटावी, तर कांदा गेला. तलाठ्याला पुन्हा बोलवावं, तर त्याचं उत्तर चाचींनी आधीच आणलेलं होतं.

‘इंगळे तलाठी म्हने, मी तर मंगळवारीच पाठवला. आता नवा करतो म्हटलं तर अर्धंच वावर दिसते, चाची, मंग नुकसानबी अर्धंच लिहा लागते.’

मी त्यांचं नाव शोधलं. पडद्यावर आलं, ‘झाला.’ चाचींनी मान डोलावली. ‘अजून एकदा दाब,’ म्हणाल्या. मी दाबलं. ‘बाकी.’

‘पाह्यलं?’ त्या शेजारच्या कारकुनाला म्हणाल्या. ‘मी काय येडी आहो?’

मी त्यांना थोरली, धाकटी आणि तुटलेली केबल समजावून सांगितली. पंगतीचं उदाहरण दिलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मंग तो दारातला मामा काय कामाचा?’ हा प्रश्न मी पुढे बऱ्याच तज्ज्ञांना विचारला आहे.

‘काळजी करू नका,’ मी म्हणालो. ‘तलाठ्याची नोंद थोरलीकडे गेली. तुमची तक्रार धाकटीकडे होती. आज दुपारी केबल जोडली जातेय. दोघी बोलल्या की नंतरची नोंद जिंकेल. पंचनामा तक्रारीच्या नंतर झाला ना? म्हणजे ‘झाला’च जिंकणार.’

‘पक्कं?’

‘पक्कं.’

चाची बाकावर बसून राहिल्या. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. केबल खरंच जोडली गेली. दोघींनी साठलेलं सगळं एकमेकींना सांगितलं. मी चाचींना बोलावून, जरा नाटकी हात करून, बटण दाबलं.

‘बाकी.’

पुन्हा दाबलं. ‘बाकी.’ दहादा दाबलं. दोन्ही जावांचं आता संपूर्ण एकमत होतं.

चाचींनी चहाचा कप खाली ठेवला. ‘वा रे सायेब! पयले एक तरी हो म्हने. तू जोडलं, आता दोघीबी नाई म्हनून राह्यल्या.’

माझ्या इतक्या वर्षांच्या कामाचं इतकं नेमकं मूल्यमापन कोणत्याही वार्षिक अहवालात झालेलं नाही.

मी नोंदी उघडून पाहिल्या. धाकटीच्या नोंदीवरची वेळ पंचनाम्याच्या नंतरची होती, वीसएक मिनिटांनी. म्हणजे तलाठी येऊन गेल्यावर कोणीतरी चाचींच्या तक्रारीला पुन्हा हात लावला होता आणि ती जशीच्या तशी, ‘बाकी’सकट, पुन्हा साठवली होती. मी वरवट बकालच्या सेवा केंद्रात गजूला, म्हणजे केंद्र चालवणाऱ्या गजाननला, फोन लावला.

‘हाव, केला ना मी बदल,’ गजू म्हणाला. ‘चाचीचं नाव झुलेखा पडलं होतं. त्या आल्या आनि टेबल ठोकाले लागल्या, मी काय झुला आहो? त्यायचं जुलेखा करून देलं.’

‘पंचनामा झाल्यावर?’

‘नाई हो! आंधी. नाव नीट झाल्यावरच त्या वावरात गेल्या. तलाठी तिकडंच येऊन राह्यला होता.’

मी चाचींकडे पाहिलं. ‘हाव,’ त्या म्हणाल्या. ‘नाव बरोबर केल्याबिगर कायले फोटू काहाडू देऊ?’

म्हणजे आधी नाव दुरुस्त झालं, मग पंचनामा झाला. याबद्दल चाची आणि गजू या दोघांचं एकमत होतं, जे आमच्या जिल्ह्यात सहसा होत नाही. फक्त धाकटी म्हणत होती की आधी पंचनामा झाला आणि मग नाव. यंत्र खोटं बोलत नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. शिकवणारे गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत.

मी जीप मागवली. ‘मलकापूरला जाऊन येतो,’ म्हणालो.

‘मी बी येतो,’ चाची म्हणाल्या आणि माझ्या आधी जाऊन जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या. घाट उतरताना, खोदकाम चालू होतं तिथे, त्यांनी काच खाली करून यंत्रावरच्या माणसाला वऱ्हाडीत आणि घरच्या उर्दू बोलीत असं दोन्ही भाषांत सुनावलं. आमच्या विभागाने त्याला पाठवलेल्या सगळ्या पत्रांपेक्षा ते प्रभावी होतं. त्यानंतर महिनाभर केबल तुटली नाही.

मलकापूरच्या सर्व्हरचे राखणदार नारखेडेभाऊ. पन्नाशीचे, टापटीप, कपाळाला बारीक गंध. बोदवडला राहायचे आणि रोज रेल्वेने येजा करायचे. त्यांची ख्याती एकच होती, इतक्या वर्षांत त्यांची गाडी एकदाही चुकली नव्हती. या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा सर्व्हरचा नव्हता. खोलीत सगळं चकाचक. सर्व्हरवर झालर लावलेलं कापड. उद्घाटनाचा वाळलेला हार अजून कोपऱ्यात, कारण तो काढण्याचा लेखी आदेश आला नव्हता.

त्यांनी चहा सांगितला, चाचींना खुर्ची दिली. मी पडद्यावर नोंदी चाळत बसलो. काहीच चुकीचं सापडेना. चाची हाताची घडी घालून सर्व्हरकडे अशा पाहत होत्या, जशा सासूबाई नव्या सुनेकडे पाहतात. तेवढ्यात माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि मी दचकलो.

‘नारखेडेभाऊ, आमच्या नादात तुमची गाडी गेली की हो!’

नारखेडे निवांत बशीत चहा ओतत होते. ‘नाई गेली,’ ते म्हणाले. ‘ते घड्याळ पुढं आहे.’

‘पुढे?’

‘पंधरा मिनिटं. मी सगळे घड्याळं पुढंच ठेवतो. घरचं दहा, हातातलं दहा, हापिसातलं पंधरा. टाइम पुढं असला का माणूस मागं राह्यत नाई.’

हे मी नवलाने ऐकलं असं नाही. आमच्याकडे निम्म्या घरांत घड्याळ पुढे असतं. सगळ्यांना ते पुढे आहे हे ठाऊक असतं आणि पाहताना जो तो मनातल्या मनात वजाबाकी करतो. मग पुढे ठेवून मिळवलं काय, हे विचारायचं नसतं. मी चहाचा कप खाली ठेवला.

‘भाऊ,’ मी हळूच विचारलं, ‘आणि सर्व्हरचं?’

नारखेड्यांची छाती जरा फुगली. ‘त्याचं अर्धा तास,’ ते म्हणाले. ‘महत्त्वाचं मशीन आहे ना!’

चाचींनी माझ्याकडे पाहिलं, मग नारखेड्यांकडे. काहीतरी झालंय एवढं त्यांना कळलं. ‘काय म्हने हा?’

मी त्यांना सांगितलं. गजूने नाव दुरुस्त केलं ते धाकटीकडे पोचलं. धाकटीने आपल्या घड्याळात पाहून अर्धा तास पुढची वेळ लिहिली. थोड्या वेळाने तलाठ्याने पंचनामा पाठवला, तो थोरलीकडे. थोरलीने खरी वेळ लिहिली. दोघी बोलल्या तेव्हा धाकटीची नोंद नंतरची वाटली आणि तिने थोरलीचा ‘झाला’ पुसून टाकला. पुढे ठेवलेलं घड्याळ पाहून माणूस वजाबाकी करतो. यंत्राला वजाबाकी येते, पण ती करायची असते हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

आपोआप वेळ जुळवणारी सोय सर्व्हरमध्ये असते. पण सुरक्षेची तपासणी करायला आलेल्या पथकाने ती धोकादायक म्हणून बंद केली होती आणि त्याबद्दल आम्हाला प्रमाणपत्रही मिळालं होतं. ते चौकटीत लावून नारखेड्यांच्या डोक्यावर टांगलेलं होतं, बरोबर त्या घड्याळाच्या शेजारी.

‘म्हंजे,’ चाची सावकाश म्हणाल्या, ‘याची गाडी चुकू नये म्हून माहा पंचनामा चुकला?’

नारखेडेभाऊंचा चेहरा पडला. ते वाईट माणूस नव्हते. ‘चाची, मले काय मालूम? मी तर भल्यासाठीच केलं.’

‘सारे भल्यासाठीच करतात बापा. ते कपाशीचे बीवाले बी तेच म्हनत होते.’

आता घड्याळ मागे घेणं म्हणजे बोट फिरवण्याइतकं सोपं, असं वाटेल. तसं नव्हतं. धाकटीने मागच्या अर्ध्या तासात ज्या नोंदी केल्या होत्या, त्यांच्यावर अजून न उजाडलेली वेळ होती. घड्याळ मागे घेतल्या घेतल्या कोणी नवं काही लिहिलं असतं, तर ते जुनं ठरून पुसलं गेलं असतं. उपाय एकच होता. घड्याळ बरोबर करायचं आणि खरी वेळ तिथवर पोचेपर्यंत, म्हणजे अर्धा तास, दोन्ही सर्व्हरवर जिल्ह्यात कोणी काहीही करायचं नाही.

मी बुलढाण्याला साहेबांना फोन लावला.

‘अर्धा तास पूर्ण बंद?’ साहेब म्हणाले. ‘परिपत्रक काढावं लागेल.’

‘परिपत्रक काढलं तर सर आठवडा जाईल. न सांगताच बंद करू का?’

‘कोणाच्या लक्षात आलं तर?’

‘सर, येणार नाही.’

आणि खरंच आलं नाही. अख्ख्या जिल्ह्याची पंचनामा प्रणाली ऐन कामाच्या वेळी अर्धा तास निपचित पडून होती. एकही तक्रार आली नाही. उलट एका तालुक्याच्या कार्यालयातून नंतर निरोप आला की आज सिस्टम बरी चालली.

तो अर्धा तास आम्ही तिघं खोलीत बसून होतो; बोदवडची गाडी त्या दिवशी तासभर उशिरा होती, म्हणून नारखेडेभाऊही थांबले. चाचींनी पिशवीतून भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला, तिघांत वाटला. नारखेडेभाऊंना त्यांनी जरा जास्त ठेचा वाढला. ते डोळे पुसत खात होते, आणि ते पाणी ठेच्याचं की पश्चात्तापाचं हे मी विचारलं नाही.

मग इंगळे तलाठ्याला फोन केला. त्याच्या टॅबलेटमध्ये मंगळवारचे फोटो तसेच होते, पऱ्हाटी पूर्ण उभी असतानाचे. ‘तीच नोंद पुन्हा पाठवा,’ मी सांगितलं. त्याने पाठवली. आता तिच्यावर आजची, खरी वेळ पडली. मी बटण दाबलं.

‘झाला.’

‘हे कोनती बोलली?’ चाचींनी विचारलं.

‘थोरली.’

‘धाकटीले इचार.’

धाकटीलाही विचारलं. ‘झाला.’

‘आता दोघींले सोबतच इचार.’

तसं विचारता येत नाही, पण मी दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून दाखवल्या. दोन्हीकडे ‘झाला.’ चाचींनी दोन्ही खिडक्यांवर बोट ठेवून आपलं नाव वाचलं. जुलेखा. दोन्हीकडे ज. मग कमरेचा फोन काढला आणि खोली दणाणेल अशा आवाजात म्हणाल्या, ‘वसीम! उपट!’

नंतरचे बरेच दिवस आम्ही असे मध्येच पुसले गेलेले पंचनामे शोधत होतो. ज्यांच्या तलाठ्यांच्या टॅबलेटमध्ये फोटो शिल्लक होते त्यांचे सापडले. काहींचे टॅबलेट जागा नाही म्हणून साफ करून झाले होते. त्या शेतकऱ्यांपैकी काहींनी ‘बाकी’ पाहिलं असेल, मान हलवली असेल आणि घरी गेले असतील. कपाशी गेल्यावर कोण कोणाशी भांडत बसणार? माझ्या टेबलावर अळी आणून टाकणारी एकच बाई आली होती. तिच्यामुळे जे सापडले ते सापडले. जे सापडले नाहीत त्यांची मला नावंही माहीत नाहीत.

साहेबांनी वरती अहवाल पाठवला. त्यात ‘वेळेच्या समन्वयातील तांत्रिक तफावत’ असा शब्दप्रयोग होता. नारखेडेभाऊ, बोदवडची गाडी आणि अर्धा तास यांचा उल्लेख नव्हता. प्रकल्पाला त्या वर्षी एक पुरस्कारही मिळाला. तो घ्यायला पुण्याचे सल्लागार गेले.

नारखेडेभाऊंची मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा गाडी चुकली. काम करता करता ते वेळ सर्व्हरच्याच पडद्यावर पाहायचे आणि सवयीने अर्धा तास वजा करायचे. घड्याळ सुधारलं होतं, वजाबाकी सुधारायची राहून गेली. फलाटावरून त्यांनी मला फोन केला. ‘भाऊ, मशीन बरोबर झालं, आता माहं काय?’ यावर आमच्या नियमावलीत काही दिलेलं नव्हतं.

आता ते दोन्ही सर्व्हर भंगारात गेले. सगळं क्लाउडवर, म्हणजे ढगात आहे, असं नवीन मुलं सांगतात. वऱ्हाडातल्या माणसाने ढगांवर किती विसंबायचं हे मी त्यांना सांगत नाही. त्यांना ते आपलं आपण कळेल.

त्याच हंगामात, उन्हाळ्याच्या तोंडाशी, कामानिमित्त संग्रामपूरकडे गेलो होतो. परतताना वरवट बकालला चाचींच्या वावराशी जीप थांबवली. चाची बांधावर बाभळीच्या सावलीत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत, हाताने ‘ये’ केलं.

‘पाह्य,’ म्हणाल्या आणि वावराकडे बोट दाखवलं.

कांदा होता. पण वावराच्या बरोबर मधून, दोरी लावून आखावी अशी एक सरळ रेघ गेली होती. रेघेच्या अलीकडच्या कांद्याच्या माना पडल्या होत्या, पात पिवळी पडून लोळत होती, कांदा काढायला तयार. पलीकडचा अजून हिरवागार, ताठ उभा आणि अंगाने लहान. जिथवर वसीमने पहिल्या दिवशी पऱ्हाटी उपटली होती तिथवर एक कांदा, आणि ‘उपट’ म्हटल्यावर जिथून पुढे उपटली तिथून, तोवर वाफ्यात जरठ झालेल्या रोपाचा, दुसरा.

‘हे तुही थोरली,’ चाची पिवळ्या पातीकडे बोट करून म्हणाल्या, ‘आनि हे धाकटी. त्या दोघींले तू एक केलं. आता यायले एक करून दाखव.’

मी उगाच वाकून एक कांदा चाचपला.

‘अरे हात कायले लावतं?’ चाची म्हणाल्या. ‘ते धाकटीकडचं आहे. अजून बाकी आहे.’

आणि निघताना जीपमध्ये एक पोतडी टाकायला लावली. थोरलीकडची.